खरे आणि खोटे बोलणाऱ्यांची कोडी: कुठलं वाक्य आधी धरायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत नेहमी खरं आणि नेहमी खोटं बोलणाऱ्यांची कोडी येतात. ‘समजा अ खरं बोलतो’ असं धरून सुरुवात केली की चार-पाच माणसांत शक्यतांचा गुंता होतो आणि वेळ हातचा जातो. ‘किमान एक’, ‘जर-तर’ असली वाक्यं आली की उत्तर हमखास चुकतं. आणि दोन रस्त्यांच्या प्रसिद्ध कोड्यात जो एकच प्रश्न विचारायचा असतो, तो मुळात सुचावा कसा?

ही कोडी मी शिकवतो आणि सराव परीक्षांसाठी रचतोही. त्यामुळे रचणाऱ्याच्या बाजूने काय दिसतं तेही सांगतो, कारण वेळ वाचवण्याचा रस्ता तिथूनच जातो.

आधी एक शिस्त लावून घ्या. माणूस ‘सत्यवादी’ किंवा ‘खोटारडा’. वाक्य ‘बरोबर’ किंवा ‘चूक’. माणसासाठी आणि वाक्यासाठी शब्द वेगळे ठेवा. कच्च्या कामाच्या कागदावर सगळीकडेच ‘खरं-खोटं’ लिहिलं की तिसऱ्या ओळीपर्यंत आपण माणसाबद्दल बोलतोय की वाक्याबद्दल, हेच कळेनासं होतं. निम्म्या चुका इथल्याच असतात.

आता मूळ नियम. अ म्हणतो, ‘आज सोमवार आहे.’ अ सत्यवादी असेल तर आज सोमवार आहे, खोटारडा असेल तर नाही. म्हणजे ‘अ सत्यवादी आहे’ आणि ‘आज सोमवार आहे’ ही दोन वाक्यं एक तर दोन्ही बरोबर, नाही तर दोन्ही चूक. एक बरोबर आणि एक चूक, असं होऊच शकत नाही. या कोड्यांचं सगळं गणित एवढंच आहे. याला मी ‘जोडी’ म्हणतो: बोलणारा आणि त्याचं वाक्य यांची जोडी फुटत नाही.

एवढ्यावरून काही गोष्टी लगेच हाती येतात आणि त्या पाठच असाव्यात. ‘मी खोटारडा आहे’ हे वाक्य कोणीच बोलू शकत नाही. सत्यवादी बोलला तर ते चूक, खोटारडा बोलला तर ते बरोबर. दोन्हीकडे जोडी फुटते. म्हणून ‘अ स्वतःलाच खोटारडा म्हणाला’ असं ब सांगत असेल, तर ब खोटारडा, पुढचा विचारच नको. अ म्हणाला ‘ब खोटारडा आहे’, तर अ आणि ब वेगवेगळ्या प्रकारचे. अ म्हणाला ‘ब सत्यवादी आहे’, तर दोघं एकाच प्रकारचे. आणि अ म्हणाला ‘मी आणि ब एकाच प्रकारचे आहोत’, तर ब सत्यवादीच. हे शेवटचं जरा थांबून पाहा. अ सत्यवादी असेल तर त्याचं वाक्य बरोबर, म्हणून ब त्याच्यासारखा, सत्यवादी. अ खोटारडा असेल तर वाक्य चूक, म्हणून ब त्याच्याहून वेगळा, म्हणजे पुन्हा सत्यवादी. अ कोण आहे ते कळतच नाही, तरी ब पक्का ठरतो. वक्त्याबद्दल काहीच न कळता दुसऱ्याबद्दल सगळं कळणं, ही या कोड्यांमधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे.

आता वेळेचा मुद्दा. पाच माणसं आहेत.

अ म्हणतो, ‘ब खोटारडा आहे.’
ब म्हणतो, ‘क खोटारडा आहे.’
क म्हणतो, ‘ड सत्यवादी आहे.’
ड म्हणतो, ‘इ खोटारडा आहे.’
इ म्हणतो, ‘आमच्यात नेमका एकच सत्यवादी आहे.’

सगळ्या शक्यता तपासायच्या म्हटल्या तर दोनाचा पाचवा घात, म्हणजे ३२. बहुतेक मुलं ‘समजा अ सत्यवादी’ असं धरून एकेक पायरी उतरतात. ते चुकीचं नाही, पण त्यात कोण कोणाबरोबर आहे हे दर वेळी नव्याने काढावं लागतं. त्याऐवजी पहिल्या चार वाक्यांकडे बघा. त्यातलं एकही वाक्य कोण सत्यवादी आहे हे सांगत नाही. ती फक्त माणसांचे गट पाडतात. अ आणि ब वेगळे, ब आणि क वेगळे, म्हणून अ आणि क एक. क आणि ड एक. ड आणि इ वेगळे. झाले दोन गट: एकीकडे अ, क, ड, दुसरीकडे ब, इ. एक गट सत्यवादी, दुसरा खोटारडा. ३२ शक्यतांमधून उरल्या दोन, आणि अजून कुणालाही ‘समजा’ म्हटलेलं नाही.

आता इ चं वाक्य लावा. अ, क, ड सत्यवादी असतील तर सत्यवादी तीन, ‘नेमका एकच’ हे चूक, इ खोटारडा आहेच, जोडी जुळली. ब आणि इ सत्यवादी असतील तर सत्यवादी दोन, ‘नेमका एकच’ चूक, पण इ सत्यवादी, जोडी फुटली. उत्तर: अ, क, ड सत्यवादी, ब, इ खोटारडे.

रचणाऱ्याच्या बाजूने हे कोडं असं दिसतं. ‘तो खोटारडा’, ‘ती सत्यवादी’ अशी एकमेकांवरची वाक्यं कितीही घातली, तरी त्यांच्या जोरावर एकच एक उत्तर कधीच येत नाही. कारण साधं आहे: एखादं उत्तर जुळत असेल तर त्यातल्या प्रत्येक माणसाचा प्रकार उलटा केला तरी ‘वेगळे’ ते वेगळेच राहतात आणि ‘एक’ ते एकच राहतात. म्हणजे दुसरं उत्तरही जुळतं. उत्तर एकच यावं असं वाटत असेल तर रचणाऱ्याला वेगळ्या जातीचं किमान एक वाक्य घालावंच लागतं. मोजणीचं (‘नेमके दोन’), ‘आणि-किंवा’चं, ‘मी आणि तो’ असं स्वतःला धरून बोललेलं, नाही तर बाहेरच्या वस्तुस्थितीचं (‘किल्ली कपाटात आहे’). कोड्याचं कुलूप त्या वाक्यात असतं. म्हणून कोडं वाचताना पहिलं काम म्हणजे असं वाक्य शोधून त्याखाली रेघ मारणं. बाकीच्या वाक्यांनी गट पाडायचे, मग रेघ मारलेलं वाक्य प्रत्येक शक्यतेवर लावायचं. वरच्या कोड्यात नेहमीप्रमाणे अ पासून सुरुवात करणाऱ्याला हे वाक्य सगळ्यात शेवटी भेटतं, आणि खरा निकाल तेच लावतं.

याचा एक थेट फायदा परीक्षेत होतो. कोड्यात निव्वळ एकमेकांवरचे आरोप आणि प्रशस्तिपत्रकंच असतील आणि ‘सत्यवादी कोण?’ असं विचारलं असेल, तर काहीही न सोडवता ‘ठरवता येत नाही’ या पर्यायाकडे बघा. मात्र आधी ‘यांच्यात दोनच सत्यवादी आहेत’ असं काही प्रश्नाच्या मजकुरात दडलेलं नाही ना, ते तपासा. माहिती माणसांच्या तोंडूनच यायला हवी असं नाही. पुष्कळदा ती पहिल्या ओळीत सहज लिहिलेली असते.

तेच कोडं घेऊन इ च्या तोंडचा आकडा बदलून बघा, म्हणजे एका वाक्यावर किती अवलंबून असतं ते कळेल. इ म्हणाला ‘नेमके दोन सत्यवादी आहेत’, तर दोन्ही गट जुळतात: अ-क-ड सत्यवादी धरले तर सत्यवादी तीन, वाक्य चूक, इ खोटारडा, ब-इ सत्यवादी धरले तर सत्यवादी दोन, वाक्य बरोबर, इ सत्यवादी. दोन उत्तरं. आणि इ म्हणाला ‘नेमके तीन सत्यवादी आहेत’, तर एकही जुळत नाही. पहिला गट सत्यवादी धरला तर खोटारडा इ बरोबर बोलतो, दुसरा धरला तर सत्यवादी इ चूक बोलतो. अशी परिस्थिती असूच शकत नाही. या तीन आकड्यांवर हात बसला की सोडवणारा एक फार मोठी खोड टाकून देतो. ती खोड अशी: एक शक्यता फुटली की दुसरी आपोआप बरोबर आहे असं धरून उत्तर लिहून मोकळं होणं. दुसरीही तपासली पाहिजे. नीट रचलेल्या कोड्यात ती जुळतेच, पण प्रश्न उतरवून घेताना आपण एखादा शब्द चुकीचा घेतला असेल तर तो याच तपासणीत सापडतो.

आता दुसरी अडचण, ‘किमान एक’ आणि ‘जर-तर’. इथे चूक तर्काची नसते, नकाराची असते. खोटारड्याचं वाक्य चूक असतं म्हणजे नेमकं काय असतं, हे घाईत चुकतं.

दोन माणसं आहेत. अ म्हणतो, ‘आम्ही दोघंही खोटारडे आहोत.’ हे सत्यवादी बोलूच शकत नाही, म्हणून अ खोटारडा. इथपर्यंत सगळे येतात. मग बरेच जण लिहितात: वाक्य चूक, म्हणजे दोघंही सत्यवादी. पण अ खोटारडा आहे हे तर आत्ताच ठरलं! ‘दोघंही खोटारडे’ याचा नकार ‘दोघंही सत्यवादी’ नाही. ‘दोघांपैकी किमान एक सत्यवादी’ हा आहे. अ नाही, म्हणून ब सत्यवादी.

असे नकार तोंडपाठ करा. ‘सगळे’ चा नकार ‘किमान एक तसा नाही’. ‘किमान एक’ चा नकार ‘एकही नाही’. ‘हे आणि ते’ चा नकार ‘दोन्हींपैकी निदान एक नाही’. ‘हे किंवा ते’ चा नकार ‘हेही नाही आणि तेही नाही’. ‘नेमके दोन’ चा नकार मुलांना सर्वांत छळतो, कारण त्यात कमीही येतात आणि जास्तही: शून्य, एक, तीन, चार, काहीही, फक्त दोन नाहीत.

नकाराची ही चूक फार जुनी आहे. क्रीट बेटावरचा एपिमेनिडीझ म्हणाला म्हणे, ‘क्रीटचे लोक नेहमी खोटं बोलतात’. आणि हा कधीच न सुटणारा विरोधाभास आहे, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं. तो विरोधाभास नाही. वाक्य बरोबर धरलं तर एपिमेनिडीझ स्वतः क्रीटचा असून खरं बोलला, म्हणून वाक्य बरोबर असू शकत नाही. ते चूक आहे. आणि चूक असण्यात काहीच अडचण नाही: क्रीटच्या कुणीतरी कधीतरी एखादं खरं वाक्य बोललं, की झालं. खरा विरोधाभास ‘हे वाक्य खोटं आहे’ या वाक्यात आहे. तो मिलेटसच्या युबुलिडीझ या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर सांगतात. त्यात बरोबर धरा की चूक, दोन्हीकडे अडकायला होतं. एपिमेनिडीझच्या गोष्टीत ज्यांना विरोधाभास दिसतो, त्यांनी ‘सगळे नेहमी खोटं’ याचा नकार ‘सगळे नेहमी खरं’ असा घेतलेला असतो.

‘जर-तर’ला थोडा जास्त वेळ देतो. अ म्हणतो, ‘मी सत्यवादी असेन तर ब सुद्धा सत्यवादी आहे.’ अ कोण, ब कोण?

पहिल्यांदा वाचताना बहुतेकांना वाटतं, यातून काहीच निघत नाही. तर्कशास्त्रात ‘जर-तर’ वाक्य एकाच परिस्थितीत चूक ठरतं: ‘जर’चा भाग बरोबर आणि ‘तर’चा भाग चूक. ‘पाऊस आला तर मी तुला घ्यायला येईन’ असं मी म्हणालो आणि पाऊसच आला नाही, तर मी आलो काय नि न आलो काय, माझा शब्द मोडला असं कुणी म्हणणार नाही. आता अ कडे या. समजा तो खोटारडा आहे. मग ‘मी सत्यवादी असेन’ हा ‘जर’चा भागच चूक, म्हणून सगळं वाक्य बरोबर. खोटारडा बरोबर वाक्य बोलला? जोडी फुटली. म्हणून अ सत्यवादी. मग त्याचं वाक्य बरोबर, ‘जर’चा भागही बरोबर, म्हणून ‘तर’चा भाग बरोबर असलाच पाहिजे: ब सत्यवादी. दोघंही सत्यवादी.

हेच वाक्य ‘मी खोटारडा आहे किंवा ब सत्यवादी आहे’ असंही येतं. रूप वेगळं, वाक्य तेच, उत्तर तेच. पेपर काढणारे हा वेषपालट आवडीने वापरतात. आणि ‘तर’च्या जागी ब ऐवजी काहीही येऊ शकतं. ‘मी सत्यवादी असेन तर या बेटावर सोनं आहे’ असं कुणी म्हणालं तर बेटावर सोनं आहेच. हे पचायला जड जातं, आणि जायलाच हवं. बोलण्याने सोनं पैदा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की जिथे सोनं नाही अशा बेटावर हे वाक्य कुणीही उच्चारू शकत नाही. अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ रेमंड स्मुलियन (१९१९–२०१७) यांनी १९७८ पासून या कोड्यांची पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली. ‘नाइट’ (सत्यवादी) आणि ‘नेव्ह’ (खोटारडा) यांचं बेट जगभर प्रसिद्ध झालं ते त्यांच्यामुळे. जादूचे प्रयोग करणारा, उत्तम पियानो वाजवणारा हा माणूस ही कोडी करमणुकीपुरती ठेवायला तयार नव्हता. याच बेटांवरून चालत चालत ते वाचकाला गोडेलच्या अपूर्णतेच्या सिद्धान्तापर्यंत, म्हणजे गणितातलं प्रत्येक खरं विधान सिद्ध करता येत नाही या निष्कर्षापर्यंत घेऊन जात.

मोजणीच्या कोड्यांना वेगळी नजर लागते. दहा माणसं ओळीत उभी आहेत. पहिला म्हणतो, ‘आमच्यात किमान एक खोटारडा आहे.’ दुसरा म्हणतो, ‘किमान दोन.’ असं करत दहावा म्हणतो, ‘किमान दहा.’ इथे एकेका माणसाच्या मागे लागलात तर बुडालात. खोटारडे किती, एवढंच विचारा. समजा ते ख आहेत. मग पहिल्या ख जणांची वाक्यं बरोबर, बाकीच्यांची चूक. जितकी वाक्यं चूक तितके खोटारडे, म्हणजे दहा वजा ख बरोबर ख. खोटारडे पाच: सहावा ते दहावा. माणसं नऊ असती तर? नऊ वजा ख बरोबर ख, हे कुठल्याच पूर्ण संख्येने जुळत नाही. म्हणजे नऊ जणांची अशी ओळ असूच शकत नाही.

‘किमान’च्या जागी ‘नेमके’ घाला. पहिला ‘नेमका एक खोटारडा’, दुसरा ‘नेमके दोन’, दहावा ‘नेमके दहा’. ही वाक्यं एकमेकांना छेद देतात, त्यामुळे फार तर एकच बरोबर असेल. एकही बरोबर नसेल तर दहाच्या दहा खोटारडे, आणि मग दहाव्याचं वाक्य बरोबर ठरतं, जोडी फुटते. म्हणून बरोबर एकच, खोटारडे नऊ, सत्यवादी फक्त नववा. एका शब्दाने उत्तर पाचावरून नवावर गेलं. म्हणून मी म्हणतो, ‘किमान’, ‘नेमके’, ‘जास्तीत जास्त’ या शब्दांवर वाचतानाच गोल करा.

परीक्षांमध्ये अलीकडे तिसरा प्रकारही हमखास येतो: आलटून-पालटून बोलणारा, एक वाक्य खरं तर पुढचं खोटं, सुरुवात कशाने करेल ते माहीत नाही. एक उदाहरण घेऊ. तिघांत एक सत्यवादी, एक खोटारडा, एक आलटून-पालटून बोलणारा. एकाच्या खिशात किल्ली आहे.

अ: ‘किल्ली माझ्याकडे नाही. ती ब कडे आहे.’
ब: ‘किल्ली माझ्याकडे नाही. ती क कडे आहे.’
क: ‘किल्ली अ कडे आहे. ती ब कडे नाही.’

कोण कोणत्या प्रकारचा, असं धरायला गेलात तर सहा मांडण्या होतात. किल्ली कुठे, असं धरलंत तर तीनच. नेहमी वस्तुस्थिती धरा, माणूस धरू नका. वाक्यं वस्तुस्थितीबद्दल आहेत, त्यामुळे ती धरली की सगळी वाक्यं एका झटक्यात बरोबर-चूक ठरतात. किल्ली अ कडे: अ ची दोन्ही वाक्यं चूक, ब चं पहिलं बरोबर, दुसरं चूक, क ची दोन्ही बरोबर. तिन्ही प्रकार एकेकदा आले, जुळलं. किल्ली ब कडे: अ ची दोन्ही बरोबर, ब ची दोन्ही चूक, क ची दोन्ही चूक, खोटारडे दोन झाले, बाद. किल्ली क कडे: अ चं बरोबर-चूक, ब ची दोन्ही बरोबर, क चं चूक-बरोबर, आलटून-पालटून बोलणारे दोन झाले, बाद. किल्ली अ कडे. सरावाच्या मुलाला यात दोन मिनिटंसुद्धा लागू नयेत.

आता दोन रस्ते. एका फाट्यावर एक माणूस उभा आहे. तो सत्यवादी की खोटारडा, माहीत नाही. एक रस्ता गावाला जातो. ‘हो’ किंवा ‘नाही’ उत्तराचा एकच प्रश्न विचारून गावाचा रस्ता ओळखायचा. ‘डावा रस्ता गावाला जातो का, असं विचारलं तर तुम्ही हो म्हणाल का?’ हे उत्तर सगळ्यांना ऐकून माहीत असतं. पण ते चतुराईने सुचतं हा गैरसमज आहे. ते काढता येतं.

काय हवंय ते आधी लिहा: डावा रस्ता गावाचा असेल तर ‘हो’ ऐकू यावं, नसेल तर ‘नाही’, समोरचा कुणीही असो. आता समोरचा एखाद्या प्रश्नाला ‘हो’ कधी म्हणतो? तो सत्यवादी आणि प्रश्नातली गोष्ट बरोबर, किंवा तो खोटारडा आणि गोष्ट चूक. म्हणजे पुन्हा जोडी. तेव्हा प्रश्नातली गोष्ट अशी हवी, की सत्यवाद्याच्या बाबतीत ती ‘डावा रस्ता गावाचा’ याच्याशी जुळेल आणि खोटारड्याच्या बाबतीत बरोबर उलटी पडेल. तशी गोष्ट म्हणजे ही: ‘तुम्ही सत्यवादी आहात’ आणि ‘डावा रस्ता गावाचा आहे’ ही दोन्ही बरोबर, किंवा दोन्ही चूक, असं आहे का? आणि नीट पाहिलंत तर हीच अट म्हणजे ‘डावा रस्ता गावाचा का, या प्रश्नाला तुम्ही हो म्हणाल’. प्रसिद्ध प्रश्न हे याच अटीचं बोलीतलं रूप आहे. खोटारड्याचं खोटं दोनदा लागतं आणि एकमेकाला मारतं.

‘दुसरा पहारेकरी कुठला रस्ता दाखवेल’ हे उत्तरही बरोबर आहे, पण त्याला दोन पहारेकरी लागतात, त्यांतला एक सत्यवादी आणि एक खोटारडा असावा लागतो, आणि दोघं एकमेकांना ओळखत असावे लागतात. शिवाय उत्तर उलटं घ्यायचं लक्षात ठेवावं लागतं. मी नेहमी पहिलंच शिकवतो. ते एकट्या माणसावरही चालतं.

त्याची खरी ताकद बघायची असेल तर अमेरिकेतल्या एमआयटीचे तर्कशास्त्रज्ञ जॉर्ज बुलोस यांनी १९९६ मध्ये ‘हार्वर्ड रिव्ह्यू ऑफ फिलॉसॉफी’त मांडलेलं कोडं घ्या. तर्कशास्त्रातलं आजवरचं सर्वांत अवघड कोडं, असं त्यांनी त्याला म्हटलं, आणि मूळ कल्पनेचं श्रेय स्मुलियन यांना दिलं. तीन देव आहेत: एक नेहमी खरं बोलतो, एक नेहमी खोटं, आणि एक लहरी, त्याच्या उत्तराचा काही नेम नाही. त्यांना आपली भाषा कळते, पण उत्तर ते स्वतःच्या भाषेत ‘दा’ किंवा ‘जा’ असं देतात, आणि त्यातलं ‘हो’ कुठलं ते आपल्याला ठाऊक नाही. ही भाषेची मेख संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी घातलेली. तीन प्रश्न, प्रत्येक एकाच देवाला, तिघांना ओळखायचं.

रस्त्याच्या प्रश्नात ‘हो’च्या जागी ‘जा’ घाला: ‘अमुक बरोबर आहे का, असं विचारलं तर तू जा म्हणशील का?’ देव लहरी नसेल तर अमुक बरोबर असताना उत्तर ‘जा’च येतं आणि चूक असताना ‘दा’च, मग ‘जा’चा अर्थ काहीही असो. एक बाजू तपासून दाखवतो. समजा देव सत्यवादी आहे, ‘जा’ म्हणजे ‘नाही’, आणि अमुक बरोबर आहे. थेट विचारलं तर तो ‘हो’ म्हणजे ‘दा’ म्हणेल. मग ‘तू जा म्हणशील का’ याला खरं उत्तर ‘नाही’, म्हणजे ‘जा’. खोटं जसं स्वतःला मारतं तशी अनोळखी भाषाही स्वतःला मारते. बाकीच्या बाजू तुम्ही कागदावर करून बघा, त्या सगळ्या अशाच सुटतात.

उरला लहरी देव. त्याच्या उत्तराला काही किंमत नाही, म्हणून पहिला प्रश्न फक्त त्याला टाळण्यासाठी खर्चायचा. देव अ, ब, क. ब ला विचारा: ‘अ लहरी आहे का, असं विचारलं तर तू जा म्हणशील का?’ उत्तर ‘जा’ आलं, तर एक तर ब स्वतः लहरी आहे, नाही तर अ लहरी आहे; दोन्हीकडे क लहरी नाही. ‘दा’ आलं, तर ब लहरी आहे किंवा अ लहरी नाही. दोन्हीकडे अ लहरी नाही. म्हणजे ब वर विश्वास न ठेवताही एक भरवशाचा देव मिळाला. ब्रायन आणि लँडन रेबर्न यांनी २००८ मध्ये छापलेल्या उकलीची वाट हीच. समजा हा भरवशाचा देव क आहे. दुसऱ्या प्रश्नात याच साच्यात क ला ‘तू खोटारडा आहेस का’ हे घाला, क ची ओळख पटली. तिसऱ्यात त्यालाच ‘ब लहरी आहे का’ हे घाला. ‘जा’ आलं तर ब लहरी, ‘दा’ आलं तर अ लहरी, आणि राहिलेला देव राहिलेल्या प्रकारचा.